बारवीच्या काठावर जाण्याआधी : एका जलाशयाचा इतिहास आणि आपले ऋण

१/ हिवाळा सुरू झाला की अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर परिसरातील तरुणांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : या रविवारी कुठे जायचे? कुणी चंदेरीचे नाव घेतो, कुणी मलंगगडाचे, आणि ज्यांना चढण नको असते ते बारवी धरणाचे. आजचा थ्रेड या तिसऱ्या ठिकाणाविषयी आहे. बारवीला आपण ‘निसर्गस्थळ’ म्हणतो. माझे मत असे की ते आधी इतिहासस्थळ आहे, आणि तसे मान्य झाल्याशिवाय तिथे पर्यटनाची एक वीटही रचली जाऊ नये.

२/ सुरुवात खरवईपासून करू. एके काळी भातशेतीचे असलेले हे गाव आज कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत सामावले आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींच्या रांगा. इथून निघून रेल्वेमार्ग ओलांडावा, जुन्या बदलापूर गावातून पुढे जाऊन उल्हास नदीचा पूल पार करावा, मुळगावची खंडोबाची टेकडी मागे टाकावी, की तासाभराच्या आत साग-ऐनाचे जंगल लागते आणि मग अचानक पाणी दिसते. हा छोटा रस्ता निरनिराळ्या काळांचा इतिहास ओलांडत जातो. तो वाचता आला पाहिजे.

३/ पहिला काळ व्यापारी वाटांचा. कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांतही कल्याणचे व्यापारी भेटतात. बंदरावरचा माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाई. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बारवीचे खोरे या मोठ्या वाटेच्या दक्षिणेला पडते. म्हणजे ज्याला आपण आज ‘शहराबाहेरचे जंगल’ म्हणतो, त्याच्या शेजारून दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचे तांडे जात होते.

४/ दुसरा काळ शिलाहारांचा. अंबरनाथचे शिवमंदिर आणि त्यातील शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख या थ्रेडच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. छित्तराजाने आरंभलेले हे काम माम्वाणिराजाच्या काळात पूर्ण झाले, असे अभ्यासक मानतात. पण एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे मंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे आणि त्याच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. देवालयाची जागा पाणी पाहून निवडण्याची ती रीत होती. त्याच वालधुनीची आजची अवस्था पाहिली, की वारसा म्हणजे केवळ दगड नव्हे, त्याच्या शेजारचे पाणीही वारशातच मोजायचे असते, हे पटते.

५/ तिसरा काळ स्वराज्याचा. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या पट्ट्याचे महत्त्व पालटले. बदलापूर हे नावही याच काळाशी जोडले जाते : इथे प्रवासात घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. ही लोकपरंपरा आहे आणि लोकपरंपरा म्हणूनच ती जपावी. इतिहासप्रेमी तरुणांनी परंपरा आणि पुरावा या दोन गोष्टी दोन वेगळ्या खणांत ठेवायला शिकले पाहिजे. एकीला मान द्यायचा आणि दुसऱ्याला तपासायचे. यात परंपरेचा अपमान मुळीच नाही.

६/ चौथा काळ वाफेचा. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून बदलापूरमार्गे पळसदरीपर्यंत गेली. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये जिंकला गेला. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागे. अंबरनाथजवळच्या काकोळे गावापाशी असलेला तलाव आजही लोकांच्या तोंडी ‘जी. आय. पी. टँक’ आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही रेल्वे कंपनी संपली, पण तिचे नाव पाण्यावर तरंगत राहिले. या परिसरात शहरे आणि यंत्रे यांच्यासाठी पाणी अडवण्याचा क्रम असा रेल्वेच्या काळापासून चालत आला आहे.

७/ पाचवा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात, उल्हास मात्र वाहत असते. का? मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. ते पाणी स्वाभाविकपणे इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशा मार्गाने बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या वीज प्रकल्पाने ते सह्याद्रीच्या आरपार वळवले आणि १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरात ते कोसळू लागले. वीज करून झाल्यावर ते उल्हासमध्ये सोडले जाते. बदलापूर शहराची तहान मुख्यत्वे उल्हासवरील बंधारा भागवतो. म्हणजे खरवईत मे महिन्यात भरलेल्या हंड्यात घाटमाथ्यापलीकडच्या मावळाचा वाटा असतो.

८/ मावळ म्हटले की मुळशी आठवलीच पाहिजे. टाटांच्याच दुसऱ्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरणाने विस्थापित होणाऱ्यांच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा हरला, गावे बुडाली. परंतु ‘विकास कुणाचा आणि किंमत कुणाची’ हा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनात तेव्हापासून कायमचा नोंदला गेला.

९/ आता बारवी. स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी वेगाने घडल्या. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्यात कारखान्यांची दाटी वाढली. कारखान्यांना आणि कामगारांना पाणी हवे होते. त्यासाठी महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. ते १९७२ मध्ये उभे राहिले, ज्या वर्षी महाराष्ट्राचा मोठा भाग भीषण दुष्काळात होरपळत होता.

१०/ १९७२ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, असे आपण अभिमानाने सांगतो. तो कायदा १९७६ चा. बारवीची भिंत त्याच्या चार वर्षे आधीची. तेव्हा जमीन घेताना हाताशी होता तो १८९४ चा इंग्रजी भूसंपादन कायदा, ज्यात मोबदल्याची तरतूद होती, पण पुनर्वसनाचा हक्क नव्हता. बारवीच्या पहिल्या विस्थापितांची गोष्ट समजून घेण्यासाठी ही दोन सालांमधली फट पुरेशी आहे.

११/ गोष्ट तिथे थांबली नाही. शहरे फुगत गेली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. अलीकडच्या टप्प्यात पाण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर नेण्यात आली आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच या नव्या पातळीला भरला. साठवण क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली. चार मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु उथळ खोऱ्यात पाणी चार मीटर चढते तेव्हा ते आडवे पसरते, आणि जिथे पसरते तिथे कुणाचे तरी अंगण असते.

१२/ मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली, कोळे-वडखळ, सुकाळवाडी, मानिवली ही ती नावे. एकदा मोठ्याने वाचा. यांपैकी किती आपण आधी ऐकली होती? शिवकाळातील एखाद्या दुय्यम सरदाराचे मूळ गाव आपण क्षणात सांगतो, आणि ज्यांच्या शेतावर आपल्या शहरांचे पाणी उभे आहे त्या गावांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. हा दोष कुणा एकाचा नाही. इतिहास म्हणजे किल्ले, लढाया आणि वंशावळी, अशी जी व्याख्या आपण नकळत स्वीकारली आहे, तिचा हा दोष आहे.

१३/ न्यायाची एक बाजूही नोंदवली पाहिजे. उंचीवाढीच्या वेळी बाधितांनी वर्षानुवर्षे चिकाटीने आंदोलन केले आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबातील एकाला नोकरी देण्याचे धोरण मान्य करून घेतले. ज्या शहरांना पाणी मिळते त्यांच्या स्थानिक संस्थांनीही या नोकऱ्यांचा भार उचलावा, हे त्यातील तत्त्व मला फार मोलाचे वाटते. पाणी पिणारा आणि पाण्यासाठी उठणारा यांच्यात काही नाते असते, हे त्यातून प्रथमच कागदावर आले.

१४/ आता मूळ प्रश्न. बारवीच्या काठी तंबू, पायवाटा, नौकाविहार, ‘लेक व्ह्यू’ कॅम्पिंग असे काही व्हावे, अशी मागणी तरुणांकडून वारंवार होते. भंडारदरा आणि पवना यांच्या काठचे तंबू आपण पाहिले आहेत, मग आपल्या दाराशी का नको? मागणी समजण्यासारखी आहे. लाखोंच्या वस्तीला मोकळा श्वास घेण्याची जागा हवी, यात वाद नाही. माझा वाद त्याच्या क्रमाशी आहे. आपल्याकडे आधी तंबू येतात, मग कचरा, मग अपघात, मग बंदी. इतिहास येतच नाही.

१५/ कोंडेश्वरचे उदाहरण समोर आहे. शिवमंदिर, धबधबा, कुंड, गर्दी, बुडून होणारे मृत्यू आणि पावसाळ्यात प्रशासनाचे मनाई आदेश, हे चक्र आपल्या सवयीचे झाले आहे. बारवी तर त्याहून धोक्याची. तिचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचले की ते दाबाने उघडतात. खालच्या पात्रात पाय सोडून बसलेल्याला ते हाक मारून सांगत नाहीत. उल्हास खोऱ्याचे पाणी किती झपाट्याने चढते, हे २६ जुलै २००५ ने दाखवले, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने पुन्हा दाखवले. त्या दिवशी सुमारे हजार प्रवाशांना सुखरूप बाहेर काढणाऱ्यांत बचाव पथकांबरोबर आसपासचे गावकरीही होते.

१६/ मग काय, सगळे बंद ठेवायचे? नाही. जगात याचे एक उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहराच्या पाण्यासाठी क्वाबिन नावाचा जलाशय बांधला गेला. त्यासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने विसर्जित झाली. सुमारे साडेसात हजार कबरी हलवाव्या लागल्या. तो आजही पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, म्हणून तिथे पोहण्यास मनाई आहे आणि काठावर तंबू ठोकता येत नाहीत. पण पायवाटा खुल्या आहेत, माहिती केंद्र आहे, गावांची स्मृती जपली आहे, आणि डेना गावाच्या उरलेल्या चौकात चालत जाऊन इथे काय होते ते वाचता येते.

१७/ इतके दूर कशाला? गोव्यात साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेले, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते. मे महिन्यात जुने रहिवासी तिथे परततात, सोमेश्वराच्या देवळाशी आणि चॅपेलपाशी जमतात, सण साजरा करतात आणि पाऊस येण्याआधी निरोप घेतात. उजनीच्या पाण्यातून डोके वर काढणारे पळसदेवचे मंदिर पाहायलाही लोक जातात. बुडालेली गावे मेलेली नसतात. त्यांची माणसे असेपर्यंत ती केवळ पाण्याखाली असतात.

१८/ म्हणून बारवीसाठी माझी मांडणी चार कलमांची आहे.
पहिले : जलाशयाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर बुडालेल्या गावा-पाड्यांचे नामफलक लागावेत, त्या त्या गावच्या उच्चारात, दिशा आणि अंतरासह. ‘इथून समोर, पाण्याखाली, अमुक गाव होते’ एवढे एक वाक्य सेल्फीसाठी उभ्या राहिलेल्याच्या मनात बरेच काही हलवू शकते. याला खर्च नगण्य लागतो आणि इच्छाशक्ती मात्र बरीच.

१९/ दुसरे : पाण्याच्या काठावर तंबू नकोत. मुक्काम व्हावा तो काठापासून दूर, पुनर्वसित गावांच्या आणि वाड्या-पाड्यांच्या अंगणात. तांदळाची भाकरी, पिठले आणि रात्रीच्या गप्पा यांचे पैसे त्या घराला मिळावेत. जंगलातील पायवाटांवर वाटाड्या हवा तो ठाकूर, कातकरी किंवा कुणबी घरातला, ज्याला वाटेची ओळख आहे आणि बिबट्याच्या वावराचीही. ज्यांनी जमीन दिली त्यांना पुन्हा चहाच्या टपरीवरचे गिऱ्हाइक शोधायला लावणे, याला पर्यटन विकास म्हणता येणार नाही.

२०/ तिसरे : वाट बारवीपाशी संपू नये. हाच रस्ता पुढे म्हशाकडे जातो. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा आणि तिथला गुरांचा बाजार म्हणजे या खोऱ्याचा जिवंत दस्तऐवज आहे. त्याहून पुढे सिद्धगड. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानच्या या वकिलाने आझाद दस्ता उभारून वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले होते, आणि त्याला आसरा दिला होता तो याच डोंगरातल्या माणसांनी. बारवी, म्हसा, सिद्धगड अशी एक इतिहासवाट सहज आखता येते. किल्ला, जत्रा आणि धरण एकाच सूत्रात ओवता आले, तरच तरुणांना या भूमीचा सलग इतिहास कळेल.

२१/ चौथे, आणि सर्वांत तातडीचे : आठवणींची नोंद. १९७२ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. देवाचे ठाण कुठे होते, होळी कुठल्या खळ्यात पेटत असे, पहिले पाणी कुठल्या बांधापर्यंत आले, घराची दारे-खिडक्या कशा काढून नेल्या, हे सांगणारी पिढी आता थोडकीच उरली आहे. यासाठी निधी, समिती, इमारत यांपैकी काहीही लागत नाही. एक फोन, एक वही आणि ऐकण्याची तयारी लागते. मोडी वाचायला शिकणाऱ्या, ताम्रपटांवर वाद घालणाऱ्या आपल्या पिढीला हे जड जाऊ नये.

२२/ काही मित्र म्हणतील, धरणाचा इतिहास हा काय इतिहास? तो तर विकासाचा अहवाल. त्यांना माझे एकच विचारणे आहे. अंबरनाथच्या मंदिराचा शिलालेख आपण का जपतो? कोणी बांधले, केव्हा बांधले, कोणाच्या राज्यात बांधले, हे त्यात कोरले आहे म्हणून. ज्या कारागिरांनी दगड घडवले त्यांची नावे आपल्या हाती नाहीत, याची हळहळ आपण हजार वर्षांनंतर करतो. बारवीच्या बाबतीत मात्र ती नावे अजून हाती आहेत, ती माणसे अजून बोलती आहेत. हजार वर्षांनंतरच्या हळहळीची तरतूद आपण आजच करून ठेवायची का?

२३/ दुसरा आक्षेप गंभीर आहे : हे जलाशय पिण्याच्या पाण्याचे आहे, तिथे माणसांची वर्दळच नको. बारवीचे पाणी नदीपात्रातून उल्हासला मिळते, जांभूळ येथे उचलून शुद्ध केले जाते आणि उद्योगांबरोबर अनेक शहरांना पुरवले जाते. त्यामुळे शुद्धतेची काळजी रास्त आहे. म्हणूनच वरची मांडणी पाण्यात उतरण्याची नाही, काठावर राहण्याची नाही, केवळ ठरलेल्या वाटेने चालण्याची आणि जाणून घेण्याची आहे. शिवाय अनुभव असा की कुंपणापेक्षा ओळख अधिक राखण करते. ज्या तळ्याची गोष्ट ठाऊक असते त्यात बाटली फेकताना हात थबकतो.

२४/ तेव्हा या हिवाळ्यात बारवीकडे जाणार असाल तर अवश्य जा. मनाई असलेल्या जागी जाऊ नका, पाण्यात उतरू नका, अंधार पडण्याआधी परता. वाटेत एखाद्या पुनर्वसित वस्तीत थांबा, तिथल्या आजोबांना किंवा आजींना ‘तुमचे मूळ गाव कोणते’ एवढे विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा. या थ्रेडखाली अशा नोंदी जमू लागल्या, तर एखाद्या शासकीय फलकाची वाट न पाहता बारवीचे पहिले स्मारक आपणच उभारलेले असेल. पुढच्या थ्रेडमध्ये भाई कोतवाल आणि आझाद दस्त्याविषयी सविस्तर लिहीन.